पैकी देव तीन

"काकू, बक्षीस द्यायचं, पण कधी मिळणार ते काकांना आधी कळू द्यायचं नाही."

डॉक्टर शिवप्रियाचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मुलगी आमच्या उमरग्याचीच, वयानं माझ्या लेकीएवढी, बोलणं गोड. ती हे एवढं एक वाक्य बोलली नसती, तर चाळीस वर्षं नेमधर्मानं राहिलेल्या माझ्या घराच्या ओट्यावर पोलिसांचा पंचनामा झाला नसता. तिला मी दोष देत नाही. सोमवारी कुणाला दोष द्यायचा नाही असा माझा नेम आहे, आणि हे मी सोमवारीच लिहायला घेतलं आहे.

आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते. चौतीस वर्षं पहाटे साडेचारला उठलेला माणूस. निवृत्तीचा हार गळ्यातून काढून खुंटीला लावला आणि खाटेवर आडवे झाले, ते सात महिने झाले तरी आडवेच. दाढी नाही, पेपर नाही, कुणाकडं जाणं नाही. "चहा करू का?" म्हटलं तर "कर." "नको करू का?" म्हटलं तर "नको करू." भांडण तरी करावं माणसानं! पण भांडायलासुद्धा आधी उठून बसावं लागतं.

रक्त, थायरॉईड, बी-बारा सगळं तपासून झालं, सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाली, "महिनाभर बघू. फरक पडला नाही तर सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडं पाठवते. मग गोळ्या सुरू होतील." मला गोळ्यांची भीती नव्हती. एक दिवस हे चहालाही "कर" म्हणायचं सोडून देतील, ही भीती होती.

मग तिनं मला समजावलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं म्हणे. लोक त्याला आनंदाचं रसायन म्हणतात, पण खरं तर ते जास्त करून ओढीचं आहे.

"काकू, गाडीची वाट बघताना लांबून धूळ दिसते, तेव्हा माणूस खाली ठेवलेली पिशवी उचलतो ना? गाडी अजून आलेली नसते, जागा मिळेल का ठाऊक नसतं, तरी हात पिशवीकडं जातो. तो हात हलवणारं ते डोपामिन. काकांना धूळच दिसेनाशी झालीय."

मला पटलं. ती पुढं म्हणाली, "ठरलेल्या वेळेला ठरलेली गाडी आली, तर मेंदूला त्याचं विशेष वाटत नाही. ध्यानीमनी नसताना रिकामी गाडी आली, तर तो उडी मारतो. आणि हमखास यायची ती गाडी आलीच नाही, तर तो पहिल्यापेक्षा खाली बसतो."

एवढा वेळ भिंतीकडं बघत बसलेले आमचे हे एकदम म्हणाले, "रिकामी गाडी अशी येत नसती. ती डेपोला चाललेली आसती. हात केला तरी थांबत न्हाय."

त्या महिन्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. मी मनातल्या मनात महादेवाला नारळ बोलले.

घरी येताना मी वाक्याचा अर्धाच भाग ध्यानात ठेवला, हे माझं चुकलं. बक्षीस द्यायचं, एवढंच लक्षात राहिलं. भूमच्या खव्याचे पेढे आणले आणि सांगून टाकलं, "महादेवाच्या देवळापर्यंत जाऊन आलात की एक पेढा." पहिल्या दिवशी गेले, आले, पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरूनच परत आले, तरी मी दिला. चौथ्या दिवशी खाटेवरूनच हात पुढं केला, "दे हिथंच."

मग मला वाक्याचा उरलेला भाग आठवला. कळू द्यायचं नाही.

आता इथं माझी अडचण समजून घ्या. खोटं बोलायचं नाही हा नेम मी दीक्षेच्या वेळी स्वामींसमोर घेतलेला, लग्नाच्याही आधी. हे विचारायचे, "आज पेढा हाय का?" मी नुसतं "बघू" म्हणायची. पण "बघू" म्हणताना माझी मान आपोआप फळीवरच्या डब्याकडं वळायची. चौतीस वर्षं विनातिकीट माणसं चेहऱ्यावरून ओळखलेला नवरा. त्याच्यापुढं माझा काय निभाव लागणार?

शेजारच्या फातिमाबींना हे सांगितलं. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो, आणि बहुतेक वेळा तो लागू पडतो, हा त्यांचा मोठा दोष आहे. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "भाभी, तुम्हालाच नक्को मालूम राहू दे. तुम्हालाच मालूम न्हाय, तर खोटं कुठनं बोलणार?"

म्हणून चिठ्ठ्या आल्या. सात चिठ्ठ्या करून पूजेच्या तांब्यात टाकायच्या, हे फिरून आले की त्यांनी एक उचलायची. निघेल ते खायला मिळेल. एकीवर पेढा लिहिला, एकीवर धपाटे. उरलेल्या पाच कोऱ्या ठेवायच्या होत्या. पण पूजेच्या तांब्यात कोरा कागद टाकायला माझा हात धजेना. म्हणून त्या पाचांवर मी छान अक्षरात 'ॐ नमः शिवाय' लिहिलं. खाऊ नाही तर नाही, निदान देवाचं नाव तरी हाती येईल, असा माझा भोळा हिशोब.

पहिल्या सकाळी हे देवळापर्यंत जाऊन आले, हात धुतले, चिठ्ठी उचलली, उघडली आणि म्हणाले, "हॅट! देव निघाला."

देवाचं नाव हाती आलं म्हणून तोंड पाडणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि तो नेमका माझाच नवरा निघाला. पण दुसऱ्या दिवशी, काय सांगू, हे माझ्याआधी उठले. पुन्हा देव. तिसऱ्या दिवशी धपाटे निघाले, तर चिठ्ठी हातात धरून स्वयंपाकघरापर्यंत आले, "बघ, बघ, धपाटे!" सात महिन्यांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. डोळे पुसत पुसत मी पीठ मळलं. चौथ्या दिवशी त्यांनी दाढी केली.

इथंच थांबले असते तर बरं होतं. पण आमच्या गल्लीत माणूस सलग चार दिवस फिरायला गेला तर पाचव्या दिवशी त्याची चौकशी होते. कल्याणप्पा आले. हे समोरच राहतात. अडतीवर धान्य तोलायचं काम करायचे, आता एकटेच असतात, मुलगा हैदराबादेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनला भितात, म्हणून जग धुरकट झालंय असं सांगून मोकळे होतात. कंडक्टरला आमच्याकडं मास्तरच म्हणतात. त्यांनी विचारलं, "मास्तर, रोज सकाळी कुठं म्हणायचं?" ह्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा ओट्यावर हजर. "वहिनी, मी बी फिरतो. मला बी एक उचलू द्या."

वहिनींना नाही म्हणता येत नाही. आठवड्यात अकरा माणसं झाली. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांच्या बायका खूश. ज्यांना दुधाची पिशवी आणायला पाठवलं तर गुडघे दुखतात, ते पहाटे पाचला माझ्या दारात! खाऊची जबाबदारी गल्लीनं वाटून घेतली. कुणी धपाटे, कुणी पेढे. फातिमाबी रोज सकाळी कुंपणावरून हालहवाल घ्यायच्या. एक दिवस त्यांनी गंभीर चेहऱ्यानं मला बाजूला घेतलं.

"भाभी, बुरा नक्को मानू. तुमच्या तांब्यात देव लई झालेत. माणसं नाराज होऊन जातात. थोडे कमी करा ना."

देव कमी करा! हे मला, माझ्या घरात! पण डॉक्टरचं तिसरं वाक्य आठवलं. हमखास यायची गाडी आली नाही की मेंदू खाली बसतो. माणसं खाली बसायला लागलीच होती. एक गृहस्थ तर सलग सहा दिवस देव निघाला म्हणून सातव्या दिवशी आलेच नाहीत. शेवटी माफी मागून मी पाचाचे तीन देव केले. त्यांच्या जागी भजी आणि माझी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, अशा दोन चिठ्ठ्या घातल्या.

गल्लीची भाषाच बिघडली. "काय निघालं?" "देवच की राव." "माझं बी नशीब तसलंच, कालपासनं देवच." आंघोळ करून भस्म लावून बसलेली मी आतून हे ऐकायची, आणि मंत्र म्हणता म्हणता कोणाला काय निघालं याकडं कान लावायची. खरं सांगायचं तर एकदा जपाची माळ अर्ध्यात सोडून दाराच्या फटीतून बघितलं. डोपामिन काही फक्त नवऱ्यांच्या मेंदूत नसतं.

आमचे हे मात्र फुलत चालले होते. त्यांनी माझी पूजेची घंटी काढून नेली. एक टोला, सगळे थांबा. दोन टोले, चला. "मागं कोण राहिलं? आत सरका, आत सरका," असं मोकळ्या रस्त्यावर ओरडायचे. एक वही केली. कोण आलं, कोणाला काय निघालं, सगळं लिहून ठेवायचे. चिठ्ठी वाचून परत घडी घालून तांब्यात टाकायची, हा नियम. कल्याणप्पांना अक्षर दिसत नसे, म्हणून त्यांची चिठ्ठी हेच वाचायचे. मी दाराच्या फटीतून पाहिलं, कल्याणप्पांना देव कधीच निघाला नाही. रोज धपाटे, नाहीतर हुग्गी. चिठ्ठी कोणतीही असो. खोटं बोलण्याबद्दल मी ह्यांना टोकायला हवं होतं. त्या दिवशी माझा नेमका विसरायचा नेम होता, असं समजा.

आता पोलिसांकडं येते.

मी उठल्यापासून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा होईपर्यंत बोलत नाही. हा माझा सगळ्यात जुना नेम. बाळंतपणाच्या कळा सोडल्या तर कधी मोडलेला नाही. त्या दिवशी मंडळी देवळाकडं गेली होती. मी ओट्यावर तांब्या ठेवून आत वळणार, एवढ्यात मोटारसायकल थांबली. खाकी कपड्यातला एक तरुण उतरला. छातीवर नाव होतं, रणधीर.

"मावशी, मास्तरांचं घर हेच का?"

मी मान हलवली.

"तक्रार आलीय. पहाटं माणसं जमतात, भांड्यात चिठ्ठ्या असतात, उचलतात, कुणी नाचतंय, कुणी कपाळाला हात लावतंय. वहीत नावं लिहितात. मावशी, मटका चालतो का हिथं?"

मटका! तोंड उघडणार होते, पण पूजा व्हायची होती. मी हातानं थांबा अशी खूण केली. तो म्हणाला, "म्हंजे चालतो?" मी दोन्ही हात हलवले. "जोरात चालतो?" मग मला सुचलं. घाईघाईनं आतून कागद-पेन्सिल आणली आणि ओट्यावरच बसून लिहिलं, 'मौन आहे. पूजेनंतर सगळं सांगते. हा आरोग्याचा उपक्रम आहे.' पंधरा दिवस रोज चिठ्ठ्यांच्या घड्या घालून हाताला सवय लागलेली. माझ्याही नकळत मी त्याची बारीक घडी घातली, तांब्याशेजारी ठेवली, पदर सावरला आणि उचलून त्याच्या हातात दिली. गडबडीत हाताला तांब्यातून खाली पडलेली दुसरीच लागली.

त्यानं उघडून वाचलं. "हुग्गी," तो म्हणाला. कपाळावर आठ्या आल्या. "हुग्गी म्हंजे कितवा आकडा?"

मी माझी खरी चिठ्ठी शोधायला लागले. तेवढ्यात घंटीचा एक टोला ऐकू आला आणि अकरा म्हाताऱ्यांची रांग गल्लीत वळली. पुढं आमचे हे, हातात माझी घंटी, काखेत ती वही. पोलीस बघून कुणीही थांबेना, कारण पळून गेलं तर चिठ्ठी उचलायची राहून जाईल.

ह्यांनी सगळं सांगितलं. डोपामिन सांगितलं, धूळ सांगितली, रिकामी गाडी सांगितली. रणधीरनं शेवटी कपाळाला हात लावला. "मास्तर, मला पटतंय वो. पण तक्रार आलीय तर काहीतरी लिहून न्यावं लागंल." आणि खिशातून डायरी काढून तो ओट्यावर बसून मोठ्यानं बोलत लिहू लागला. "तांब्या एक. घंटी एक. वही एक. घडीच्या चिठ्ठ्या सात. पैकी देव तीन, हुग्गी एक, धपाटे एक, पेढा एक, भजी एक."

पैकी देव तीन. चाळीस वर्षांच्या माझ्या उपासनेची सरकारदरबारी ही नोंद झाली.

साक्षीदार म्हणून सही कल्याणप्पांनी केली. कुठं करायची ते दिसेना, म्हणून ती बरोबर देवांवर आली. जाताना रणधीर जरा रेंगाळला. "मावशी, मी बी एक उचलू का?" उचलली, उघडली, आणि बाकीच्यांसारखंच त्याचं तोंड पडलं. "काहीच न्हाय का?" पण लगेच टोपी काढली, कागद कपाळाला लावला आणि हळूच म्हणाला, "बंद करा मावशी. बघणाऱ्याला अड्डाच वाटतोय." मी मान हलवून शब्द दिला. पूजेला बसले तेव्हा नऊ वाजले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की महादेवाच्या नावाला मी न लागलेलं बक्षीस करून ठेवलं होतं. कान पकडले. चिठ्ठ्या चुलीत टाकायला हात होईना, म्हणून त्या तुळशीच्या मातीत पुरल्या. हुग्गी आणि भजीसकट.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अकरापैकी सात जण आले. तांब्या नाही हे पाहून तीन ओट्यावरूनच परतले. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं. तिसऱ्या दिवशी कुणीच नाही, आणि आमचे हेही नाही. खाटेवर आडवे, तोंड भिंतीकडं. "चहा करू का?" "कर." पेढा समोर नेऊन ठेवला, बघितलाही नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच. हमखास यायची गाडी बंद पडली होती, आणि ती मीच बंद केली होती. महिना संपायला चार दिवस उरले होते. मी सोलापूरला जायची पिशवी काढून ठेवली.

त्याच दिवशी सकाळी कल्याणप्पा काठी टेकत आले. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं शिबिर होतं, आणि मुलानं हैदराबादहून फोन करकरून त्यांचं नाव घातलं होतं. "मास्तर, सोबत माणूस लागतंय म्हणतेत. चला की. एकट्याला पाय उचलंना झालाय."

हे बऱ्याच वेळानं उठले. मला वाटतं, कल्याणप्पांचं ऐकण्यापेक्षा त्यांना दारातून घालवणं जास्त मेहनतीचं वाटलं असावं. मीही मागं मागं गेले.

दवाखान्यात खिडकीवर खिडकी. एका खिडकीवर आधारकार्ड, दुसरीवर रेशनकार्ड, तिसरीवर म्हणाले की पहिल्या खिडकीवरचा शिक्का उलटा पडलाय, सरळ करून आणा. शेवटच्या टेबलावरच्या सिस्टरनं चष्म्यावरून पाहिलं. "ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातनं चार वेळा डोळ्यात थेंब. कोण घालणार?"

कल्याणप्पा म्हणाले, "मीच घालीन की."

"आजोबा, तुम्हाला बाटली दिसती का? कोण घालणार ते सांगा, न्हाय तर नाव पुढच्या शिबिरात. आठ, बारा, चार, आठ. वेळ चुकवायची नाय. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, आणि धुतल्यावर कशाला बी लावायचे न्हाईत. लिहून द्या."

कल्याणप्पांनी आमच्याकडं नाही, समोरच्या भिंतीकडं पाहिलं. "मुलगा लांब हाय माझा," एवढंच म्हणाले, आणि काठी उचलून परत निघायच्या बेतानं उभे राहिले. मी म्हणणार होते, मी घालीन. पण त्याआधी ह्यांनी टेबलावरचं पेन उचललं होतं. "कुठं करायची सही?"

ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी कल्याणप्पांना घरी सोडलं, डोळ्याला काळा चष्मा. बाराचे थेंब सिस्टरनं स्वतः घातले. ह्यांनी घरी येऊन जेवण केलं, आणि खाटेवर आडवे झाले. तोंड भिंतीकडं.

मी शेंगा फोडत दारात बसले. ऊन असं, की गल्लीत कुत्रंही नव्हतं. साडेतीन झाले. माझं सगळं लक्ष घड्याळाकडं. आठवण करून द्यावी का? दिली तर ती माझी आठवण होईल, त्यांची नाही. फातिमाबींनी कुंपणावरून हातानं विचारलं, "क्या?" मी बोट ओठावर ठेवलं. पावणेचार. कल्याणप्पांचं ऑपरेशन नवं, आणि एक वेळ चुकली तर? मी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. पाच मिनिटं थांबते, आणि मग मीच जाते, असं ठरवलं.

मागं खाट करकरली.

मी वळून पाहिलं नाही. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला, खूप वेळ. साबणाची वडी एकदा खाली पडली, उचलली गेली. मग हे माझ्या शेजारून बाहेर पडले, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, दोन्ही ओले हात छातीपुढं उंच धरलेले, कशालाही लागू नयेत म्हणून. चपला पायानंच चाचपून घातल्या. उन्हातून गल्ली ओलांडली, आणि कल्याणप्पांचं लोखंडी फाटक कोपरानं ढकललं.